सिनेमांच्या गल्ल्यावर लीग कशी खेळायची? (सांगली-सातारा)

कृष्णाकाठ

आयपीएलच्या दिवसांत रोज संध्याकाळी टीम लावणारी मंडळी आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. तसाच खेळ सिनेमांच्या कमाईवरही खेळता येतो. आमच्या विश्रामबागच्या मित्रमंडळात तो बरेच हंगाम चालू आहे, आणि दिवाळीपासून सांगली विरुद्ध सातारा असा सामना लावायचं ठरतंय. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला फोनवर पहिल्यापासून सांगत बसण्यापेक्षा इथे एकदा सगळं नीट लिहितो. शंका इथेच विचारा, म्हणजे उत्तरं सगळ्यांना सापडतील.

खेळ आपण शोधलेला नाही. अमेरिकेत १९९६ पासून 'हॉलिवूड स्टॉक एक्स्चेंज' आहे, तिथे खेळातल्या पैशांनी सिनेमांचे आणि नटांचे शेअर घेतात-विकतात. २०१५ मध्ये 'फॅन्टसी मूव्ही लीग' आली. आपला खेळ बेतलाय तो तिच्यावर. तिथे प्रत्येक खेळाडूला आठ पडद्यांचं थिएटर आणि खेळातले हजार डॉलर मिळायचे. त्या आठवड्यात चालू असलेल्या प्रत्येक सिनेमाला एक किंमत असायची. हजारात बसतील असे सिनेमे आठ पडद्यांवर लावायचे, एकच सिनेमा हवा तितक्या पडद्यांवर लावता यायचा. शुक्रवार ते रविवार त्या सिनेमांनी जी खरी कमाई केली ती तुमची. पडदा रिकामा राहिला तर वीस लाख डॉलर दंड, आणि किमतीच्या मानाने सगळ्यात जास्त कमावणारा सिनेमा ज्याने लावला त्याला पडद्यामागे वीस लाख डॉलर जादा. कोविडमध्ये थिएटरं बंद पडली तेव्हा तो खेळही थांबला.

आपल्याकडे पडदे आठच, डॉलरऐवजी हजार मोहरा, आणि दंड व बक्षीस दोन्ही पडद्यामागे एक कोटी. बाकी सांगाडा तोच.

आता खेळातली खरी गोष्ट. नवीन माणूस पहिल्या आठवड्यात सगळ्यात मोठा सिनेमा लावतो आणि हरतो. सिनेमा किती कमावणार याला एकट्याला इथे अर्थ नाही. किंमत किती आणि त्या किमतीत कमाई किती, एवढंच बघायचं. कल्पित चार सिनेमे घेऊन हिशेब दाखवतो. 'क' हा मोठ्या हिरोचा, किंमत ४५० मोहरा, माझ्या अंदाजाने तीन दिवसांत ४० कोटी. 'ख' ची किंमत २००, माझा अंदाज २३ कोटी. 'ग' १२० चा, १२ कोटी. 'घ' ५० चा, ४ कोटी.

दोन पडद्यांवर 'क' आणि दोनवर 'घ' लावला तर हजार मोहरा संपल्या. कमाई ८८ कोटी, चार पडदे रिकामे म्हणून चार कोटी दंड, हातात ८४. आता 'क' ला हातच लावू नका. चार पडद्यांवर 'ख', चारवर 'घ'. तेवढ्याच हजार मोहरांत आठही पडदे भरले आणि कमाई १०८ कोटी. आणखी धाडस करायचं तर पाच पडद्यांवर 'ख' लावा: ११५ कोटी, तीन पडदे रिकामे म्हणून ११२. वर 'ख' खरोखरच किमतीच्या मानाने पहिला आला तर पाच पडद्यांचे पाच कोटी जादा, म्हणजे ११७. चार 'ख' वाल्याचे तेव्हा ११२ होतात.

पण 'ख' पडला आणि १५ कोटींवरच थांबला तर? पाच 'ख' वाला ७२ वर येतो, चार 'ख' आणि चार 'घ' वाला ७६ वर. रिकामा पडदा ठेवणं म्हणूनच कधी शहाणपणाचं असतं, कधी महागात जातं. स्वतःच्या अंदाजावर किती भरवसा आहे, त्यावर ते ठरवायचं.

मिरजेची_माहेरवाशीण

छान लिहिलंय कृष्णाकाठदादा. पण किमती कोण ठरवणार? तुम्हीच ठरवाल आणि तुम्हीच खेळाल तर सातारकर पहिल्याच आठवड्यात भांडतील.

कृष्णाकाठ

ताई, किंमत कुणी एकजण ठरवत नाही. बुधवारी रात्री दहापर्यंत प्रत्येकाने प्रत्येक सिनेमाचा तीन दिवसांचा अंदाज पाठवायचा. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडायचे आणि बरोबर मधला उचलायचा. सरासरी काढायची नाही. सरासरीत एखाद्याने मुद्दाम शंभर कोटी लिहिले तर किंमत वर जाते, मधल्या आकड्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. मधल्या आकड्याला दहाने गुणलं की मोहरा. म्हणजे गटाला वाटलं २० कोटी, तर किंमत २००.

यातून खेळाला खरी मजा येते. किंमत म्हणजे सगळ्यांचं एकत्रित मत. सगळ्यांसारखाच विचार केलात तर कुठलाही सिनेमा तुम्हाला स्वस्तही वाटणार नाही आणि महागही. जिंकायचं असेल तर कुठेतरी तुमचं मत बाकीच्यांपेक्षा वेगळं हवं, आणि ते बरोबर ठरायला हवं.

अजिंक्यतारा

साताऱ्याकडून नमस्कार. माझा मुद्दा सगळ्यात आधी मिटवा, नाहीतर पुढे जाऊ नका. कमाई म्हणजे कोणती कमाई? पोस्टरवर 'जगभरात ३०० कोटी' असतं, वेबसाइटवर १८० असतं, आणि निर्मात्याच्या ट्विटमध्ये तिसराच आकडा. मागे आमच्या गटात याच गोष्टीवरून दोन मित्रांचं बोलणं बंद झालं होतं.

आकडेमोड

हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर खेळ सुरू होण्याआधीच लेखी असायला हवं. अमेरिकेत तुलनेने सोपं आहे. तिथे स्टुडिओ रविवारी अंदाजे आकडे देतात, सोमवारी पक्के येतात आणि सगळे तेच धरतात. आपल्याकडे सरकारी किंवा सर्वमान्य अशी नोंद नाही. ट्रेडच्या, म्हणजे सिनेमाच्या धंद्याच्या बातम्या देणाऱ्या, साइट्स आपापले अंदाज देतात आणि निर्माते आपले आकडे देतात. म्हणून मी हे नियम सुचवतो.

पहिला, एकच साइट ठरवा आणि हंगाम संपेपर्यंत ती बदलू नका. तिचा आकडा चुकीचा वाटला तरी तोच धरायचा, कारण तो सगळ्यांसाठी सारखाच चुकलेला असतो. निकाल मंगळवारी रात्रीच्या आकड्यावर लावा. सोमवारी सकाळचे रविवारचे आकडे कच्चे असतात.

दुसरा, फक्त भारतातलं नेट धरा. ग्रॉस म्हणजे प्रेक्षकाने तिकिटाला दिलेली पूर्ण रक्कम. नेट म्हणजे त्यातून जीएसटी वजा केल्यावर उरतं ते. शंभर रुपयांच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के कर असतो, म्हणजे ११८ च्या तिकिटात नेट १००. जगभरचा ग्रॉस आणि भारतातलं नेट यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. भांडणं बहुधा याच दोन आकड्यांची असतात.

तिसरा नियम भाषेचा. 'पुष्पा २' चा आकडा घेताना हिंदीचा घेणार की सगळ्या भाषांचा? 'केजीएफ २' ने १४ एप्रिल २०२२ ला एकट्या हिंदीत जवळपास ५४ कोटी नेट केले होते, बाकी भाषांचे वेगळे. माझं मत, सगळ्या भाषा एकत्र धरा. आपल्याकडे मिरजेच्या पलीकडे लगेच कर्नाटक लागतो, कानडी बघणारे खेळाडूही आहेत, त्यांच्यावर अन्याय नको.

चौथा, पेड प्रिव्ह्यू. 'स्त्री २' चे खेळ १५ ऑगस्ट २०२४ च्या आदल्या रात्रीपासूनच लागले होते. ती रात्रीची कमाई काही ठिकाणी पहिल्या दिवसात धरली गेली, काही ठिकाणी वेगळी दाखवली गेली. आपण प्रिव्ह्यू मोजायचे नाहीत.

पाचवा, बुधवारी-गुरुवारी येणारे सिनेमे. 'पठाण' २५ जानेवारी २०२३ ला, बुधवारी आला आणि रविवारपर्यंत त्याला पाच दिवस मिळाले. अशा वेळी फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार धरायचे. पण लक्षात ठेवा, बुधवारीच बघायला गेलेला चाहता शुक्रवारी परत येईलच असं नाही. अंदाज लावताना ते धरून चला.

अजिंक्यतारा

पाचही मान्य. मी हे आमच्या गटात टाकतो.

बुकिंगबारी

कऱ्हाडच्या एका थिएटरात मी तिकीटबारीवर आयुष्य काढलं. आता थिएटर बंद आहे. मुलाने हा धागा दाखवला म्हणून लिहितो.

तुम्ही ज्याला नेट म्हणता ते आम्ही रोज रात्री डीसीआरमध्ये भरायचो. डेली कलेक्शन रिपोर्ट. कुठल्या खेळाला कुठल्या वर्गाची किती तिकिटं गेली, कर किती, उरलं किती. वितरकाचा माणूस येऊन बसायचा आणि तिकिटांचे नंबर तपासायचा. एका थिएटरचा तेवढा कागद खरा, त्याच्या पुढचं सगळं बेरजेतून आणि अंदाजातून येतं.

सिनेमा चालणार का पडणार हे आम्हाला शुक्रवारी कधीच कळत नव्हतं. पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला पोरं येतात, ती हिरोची पोरं असतात. ती शिट्ट्या मारणारच. खरं कळायचं रविवारी रात्री नऊच्या खेळाला आणि सोमवारी दुपारी बाराच्या. रविवारी रात्री बायकापोरांसकट कुटुंब आलं, तर समजायचं की शनिवारी बघून गेलेल्याने शेजारी चांगलं सांगितलंय. सोमवारी बाराला शुक्रवारच्या बाराच्या निम्मी माणसं जरी असली तरी मालक पुढच्या आठवड्यासाठी सिनेमा ठेवायचा. त्याच्या खाली गेला की बदलीचा फोन.

आणखी एक. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ खेड्यातल्या लोकांनी भरायचा. मल्टिप्लेक्समध्ये ते दिसत नाही. तिथे तिकीट महाग असतं.

मिरजेची_माहेरवाशीण

काका, तुम्ही लिहिलंत ते अगदी मोलाचं आहे. अजून लिहा.

तुमच्या सोमवारच्या नियमाला मी एक जोडते. बायकांचा सिनेमा असला की सोमवार-मंगळवारची दुपारच बघायची. 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ ला आला तेव्हा पहिल्या दिवशी जेमतेम एक कोटीच्या आसपास कमाई होती. दुसरा आठवडा पहिल्यापेक्षा मोठा निघाला आणि त्या वर्षीचा मराठीतला सगळ्यात मोठा सिनेमा तो ठरला. आमच्या भिशीच्या, भजनी मंडळाच्या, सोसायटीच्या बायका गट करून गेल्या. एकीने पाहिला की ती आठ जणींना घेऊन परत जायची. या गर्दीचा पत्ता ॲडव्हान्स बुकिंगच्या आकड्यांत लागत नाही, कारण ती आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर ठरते आणि तिकिटं दारातच काढली जातात.

म्हणून माझं म्हणणं, दुसऱ्या आठवड्यातल्या सिनेमाकडे नीट बघा. नवीन सिनेमाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, जुन्याची किंमत सवयीने अर्धी लावली जाते. तो अर्ध्यावर आला नाही तर तुमचा फायदा.

कृष्णाकाठ

शंभर टक्के अनुमोदन ताई. 'द काश्मीर फाइल्स' ११ मार्च २०२२ ला आला. शुक्रवारी साडेतीन कोटींच्या आसपास, रविवारी पंधरा कोटींच्या आसपास, आणि शेवटी अडीचशे कोटींच्या घरात. 'ट्वेल्थ फेल' ची सुरुवात एक कोटीच्या आसपास होती आणि तो आठवड्यामागून आठवडे टिकला. असे सिनेमे पहिल्या आठवड्यात कुणाच्याच हाती लागत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात मात्र, गटाचा अंदाज अजून जुन्या आकड्याला चिकटलेला असताना, ते सापडतात. माझ्या मते या खेळातली सगळ्यात मोठी संधी हीच.

माणदेशी_वाट

आमच्याकडे म्हसवड-दहिवडी भागात पूर्वी यात्रेला तंबूतले सिनेमे यायचे. आता सिनेमा बघायचा तर गाडी काढून जावं लागतं. तरी माझं मत सांगतो. आपल्या भागातली गर्दी बघा, तिच्यासारखा अंदाज दुसरा नाही. 'छावा' च्या वेळी आमच्याकडून ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून माणसं गेली. शंभूराजांचा सिनेमा आणि साताऱ्याची माती. तो कुठवर जाणार हे कळायला कुठल्या साइटची गरज नव्हती.

आकडेमोड

भाऊ, 'छावा' ला तुमचं म्हणणं बरोबर ठरलं कारण त्या सिनेमाचं वजनच महाराष्ट्रात होतं. पण हा नियम सगळ्यांना लावलात तर पस्तावाल. 'गदर २' आठवा. त्याचा गल्ला मुख्यतः उत्तरेतल्या एकपडदा थिएटरांतून आला. सांगलीत उभं राहून त्याचा पाचशे कोटींचा आकडा दिसला नसता.

सिनेमाच्या धंद्यात देशाचे भाग पाडलेले आहेत, सर्किट म्हणतात. आपला सांगली-सातारा मुंबई सर्किटमध्ये येतो. त्यात गुजरातही येतो. विदर्भ सीपी-बेरारमध्ये, मराठवाडा निजाममध्ये. हे जुने नकाशे आहेत, संस्थानं आणि प्रांत होते तेव्हाचे, पण ट्रेडचे आकडे अजून याच विभागणीत येतात. एखादा सिनेमा आवडला तर स्वतःला विचारा, हा दिल्ली-युपीत कोण बघणार, पूर्व पंजाबात कोण बघणार, निजाममध्ये कोण बघणार. प्रत्येक ठिकाणी गिऱ्हाईक दिसलं तरच मोठा आकडा लिहा.

माणदेशी_वाट

पटतंय, पण अर्धंच. उत्तरेचं मला घरबसल्या कळणार नाही, म्हणून त्यात मी सगळ्यांच्या मागेच राहणार. मराठी माणसाच्या सिनेमात मात्र मी दिल्लीवाल्याच्या पुढे राहीन. मग माझ्या मोहरा मी तिथेच लावणार. जे ठाऊक नाही त्यावर सगळ्यांसारखीच किंमत धरायची आणि हात लावायचा नाही, एवढंच करतो.

आकडेमोड

हे खेळाच्या दृष्टीने एकदम चोख आहे. माझा आक्षेप मागे घेतो. फक्त एक, गटातले सगळेच सांगली-साताऱ्याचे आहेत. 'छावा' सारखा सिनेमा आला की सगळ्यांनाच तो आवडेल, मधला आकडाच वर जाईल आणि किंमत फुगेल. तुमचं वेगळेपण दिल्लीवाल्याशी नाही, शेजाऱ्याशी मोजलं जाणार आहे.

कृष्णाकाठ

ही चर्चा छापून ठेवण्यासारखी आहे. मी आता पंचांगाकडे वळतो, कारण आमच्या गटात सगळ्यात जास्त गुण सणवारांच्या अंदाजावर जिंकले जातात.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ थिएटरला मारक असते, घरोघरी पूजा असते. 'टायगर ३' २०२३ मध्ये थेट लक्ष्मीपूजनाला, रविवारी १२ नोव्हेंबरला आला. त्या दिवशी साडेचव्वेचाळीस कोटींच्या आसपास, आणि दुसऱ्या दिवशी सोमवार असूनही ५९ च्या आसपास. एरवी रविवारनंतर सोमवार चढला असं सहसा होत नाही. त्याच आठवड्याच्या शेवटी, १९ नोव्हेंबरला क्रिकेट विश्वचषकाची भारताची अंतिम मॅच होती, त्या रविवारी थिएटरं ओस पडली. दिवाळीच्या आठवड्यात पाडवा आणि भाऊबीज कोणत्या वारी येतात ते आधी बघा, मग आकडा लिहा.

१५ ऑगस्टला 'गदर २' ने मंगळवार असून आदल्या रविवारपेक्षा जास्त केले, ५५ कोटींच्या आसपास. 'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ ला शुक्रवारी आला, पुढच्या बुधवारी शिवजयंती होती आणि त्या दिवशी कमाई मंगळवारच्या वर उडाली. आपल्या खेळात बुधवार मोजला जात नाही हे खरं, पण असा बुधवार दुसऱ्या शुक्रवारचा अंदाज बदलायला लावतो.

गणपतीत महाराष्ट्रात संध्याकाळचे खेळ पडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या घरातून कुणी उठत नाही. होळीच्या दिवशी सकाळचे खेळ गेले म्हणून समजा. रमजानमध्ये काही भागांत गल्ला उतरतो आणि ईदेला भरून निघतो. आपल्याकडे कारखान्याची ऊसबिलं जमा झाली की तालुक्याच्या गावांत खर्चाला पैसा येतो, पण देशाच्या आकड्यावर त्याचा परिणाम शोधू नका. तो इथल्या थिएटरपुरता.

राष्ट्रीय सिनेमा दिवसालाही फसायचं नाही. २३ सप्टेंबर २०२२ ला देशभर ७५ रुपयांत तिकीट होतं, थिएटरं भरून वाहिली. पण माणसं तिप्पट आली म्हणून पैसे तिप्पट होत नाहीत, तिकीटच निम्म्याहून खाली आलेलं असतं. शिवाय शनिवारी जे आले असते ते शुक्रवारीच उरकतात.

तासगावचा_बेदाणा

मस्त धागा, एका बैठकीत वाचला. एक सुचवू का? प्रत्येकी पाचशे रुपये एन्ट्री ठेवू, जिंकणाऱ्याला सगळे. त्याशिवाय लोक मन लावून खेळणार नाहीत.

आकडेमोड

नको भाऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, दोन्ही त्यात येतात. मोठमोठ्या फॅन्टसी कंपन्यांनी आपल्या पैशांच्या स्पर्धा त्यानंतर बंद केल्या. आपला खेळ व्हॉट्सॲपवर चालतो, फोनवरून पैसे जमा करायचे, हे सगळं त्याच्या आसपास जातं. खेळ फक्त गुणांवर ठेवा.

कृष्णाकाठ

पैसे अजिबात नाहीत, हे मीही इथे स्पष्ट लिहितो. आमच्या गटात शाळकरी मुलं आहेत, त्यांची आजी आहे, सगळे एका पातळीवर खेळतात. हंगाम संपला की सांगलीकर सातारकरांना भडंग देणार आणि सातारकर सांगलीकरांना कंदी पेढे देणार, कोण जिंकलं हरलं याचा त्याच्याशी संबंध नाही.

तासगावचा_बेदाणा

बरं, पटलं. तासगावहून मी बेदाणे आणतो. माझं नाव सांगलीच्या गटात घाला.

अजिंक्यतारा

दर आठवड्याला वेळ मिळत नाही अशांसाठी आमची पद्धत सांगतो. आम्ही तिमाहीचा लिलाव करतो. प्रत्येकाकडे शंभर मोहरा, त्या तीन महिन्यांत येणाऱ्या सिनेमांची यादी, आणि एकेका सिनेमावर बोली. ज्याने घेतला त्याचाच तो, दुसऱ्याला मिळत नाही. हंगाम संपेपर्यंतची पूर्ण कमाई त्याच्या खात्यात. यात सोमवारचे, दुसऱ्या आठवड्याचे हिशेब एकदम वेगळे होतात, कारण टिकणारा सिनेमा इथे पहिल्याच दिवशी ओळखावा लागतो.

एक नियम विसरू नका. तारीख पुढे गेली तर मोहरा परत. 'पुष्पा २' आधी १५ ऑगस्ट २०२४ ला येणार होता आणि आला ५ डिसेंबरला. 'सिंघम अगेन' सुद्धा त्याच १५ ऑगस्टवरून दिवाळीला गेला. ज्याने दोन्ही घेतले असते त्याचा हंगामच गेला असता. आणि लिलावात शेवटी पाच-दहा मोहरा राखून ठेवा. सगळ्यांच्या पिशव्या रिकाम्या झाल्यावर छोटे सिनेमे एका मोहरेला जातात. 'मुंज्या' असाच सिनेमा. कुठला मोठा हिरो नाही, कोकणातल्या भुताची गोष्ट, ७ जून २०२४ ला आला आणि शंभर कोटींच्या पुढे गेला.

मिरजेची_माहेरवाशीण

आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांसाठी याहूनही सोपं आहे. हंगामातले पहिले दहा सिनेमे कमाईच्या क्रमाने कागदावर लिहून पाकिटात बंद करायचे. बरोबर जागा साधली तर दहा गुण, एक जागा चुकली तर सात, दोन चुकल्या तर पाच, नुसता दहांत आला तर तीन. आकडे लिहायचे नाहीत, मोहरा मोजायच्या नाहीत. सासूबाई हौसेने खेळतात.

आणि एक मागणी. मराठी सिनेमांची लीग वेगळी करा. हिंदीच्या बरोबर लावलं की मराठीची किंमत पाच-दहा मोहरा येते आणि कुणी बघतही नाही.

कृष्णाकाठ

मराठीची वेगळी लीग करूया, मलाही मनापासून हवी आहे. तिथे गुणाकार बदलावा लागेल. मधला आकडा लाखांत घेऊ आणि एक लाखाला एक मोहर धरू, म्हणजे चार कोटींचा अंदाज असलेला सिनेमा ४०० मोहरांचा. दंड आणि बक्षीस पाच लाखांचं. मराठीत अंदाज बांधताना पहिली चौकशी खेळांची करा. किती खेळ मिळालेत आणि कोणत्या वेळेचे. सरकारने २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना दुपारी बारा ते रात्री नऊमध्ये मराठी सिनेमा दाखवायला सांगितलं, तरी चांगल्या वेळा मिळवायला निर्मात्यांना झगडावं लागतं. सकाळी दहाचा एकच खेळ असलेल्या सिनेमाला लोकांचं कितीही प्रेम असलं तरी शुक्रवारचा आकडा छोटाच येणार. दुसऱ्या आठवड्यात खेळ वाढले का, ते बुधवारी रात्री तिकिटांच्या ॲपवर बघायचं. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, ठाणे आणि नाशिक एवढी गावं चाळली तरी चित्र कळतं.

बुकिंगबारी

खेळ वाढले म्हणजे मालकाला पैसा दिसलाय. मालकाच्या हिशेबाचं एक सांगतो, तुमच्या अंदाजाला उपयोगी पडेल. २००९ मध्ये निर्मात्यांचा आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचा वाद झाला, नवीन सिनेमे दोन महिने अडकले, आणि मग वाटणी ठरली. नेटपैकी पहिल्या आठवड्यात निम्मे वितरकाला, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे तीस. म्हणजे सिनेमा जितका जुना होईल तितका थिएटरवाल्याचा हिस्सा वाढतो. बरा चालणारा जुना सिनेमा त्याला नव्या पडलेल्या सिनेमापेक्षा परवडतो. म्हणून टिकलेला सिनेमा सहजासहजी उतरत नाही, एखादा खेळ तरी ठेवतात.

मिरजेची_माहेरवाशीण

हे मला आजवर माहीत नव्हतं काका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातले सिनेमे एकेका खेळावर का रेंगाळतात ते आज कळलं.

माणदेशी_वाट

शेवटची शंका. पुन्हा प्रदर्शित होणारे जुने सिनेमे चालतील का? 'तुंबाड' २०१८ चा, सप्टेंबर २०२४ मध्ये परत लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. 'सनम तेरी कसम' चंही फेब्रुवारी २०२५ मध्ये तेच झालं.

आकडेमोड

चालतील, नव्या सिनेमासारखीच किंमत लावून. जुनी कमाई मोजायची नाही, फक्त त्या तीन दिवसांची. अशा सिनेमाला बहुतेकजण एक-दोन कोटी लिहितात, म्हणून किंमत दहा-वीस मोहरा येते. ज्या पिढीने तो मोबाइलवर पाहून डोक्यावर घेतला, तिच्यातला कुणी घरात असेल तर त्याला विचारून आकडा लिहा.

कृष्णाकाठ

ठरलं तर मग. साप्ताहिक लीग सगळ्यांसाठी, लिलाव ज्यांना हवा त्यांनी अजिंक्यतारा यांच्याकडे नाव द्यायचं, मराठी लीग ताई बघतील. नियम आकडेमोड यांच्या प्रतिसादात आहेत तेच. गुण सारखे झाले तर ज्याचे कमी पडदे रिकामे होते तो वर. बुकिंगबारी काकांना दोन्ही बाजूंनी पंच म्हणून मान्यता हवी, सातारकरांनी इथेच कळवावं. अंदाज बुधवारी रात्री दहापर्यंत, किमती गुरुवारी सकाळी, आणि पडद्यांची यादी शुक्रवारी पहिला खेळ लागायच्या आत, म्हणजे सकाळी आठपर्यंत. उशिरा आलेली यादी धरणार नाही, त्या आठवड्याला मागच्या आठवड्याचीच यादी चालेल, नव्या किमतीत बसत असेल तर.

अजिंक्यतारा

काका पंच म्हणून साताऱ्याला मान्य. यादी किमतीत बसली नाही तर?

कृष्णाकाठ

वरच्या पडद्यापासून क्रमाने बसतील तेवढे सिनेमे धरायचे, बाकी पडदे रिकामे आणि त्यांचा दंड. म्हणून यादी लिहितानाच सगळ्यात भरवशाचा सिनेमा पहिल्या पडद्यावर लिहा.